टर्मिनल तू काढलं होतंस

निवृत्ती,

तुझ्या दहाव्याला घाटावर माईक माझ्या हातात दिला. महाराजांचं प्रवचन झालं होतं, सरपंच बोलून झाले होते, सोसायटीचे चेअरमन बोलले, आणि मग कुणीतरी म्हणालं, नाशिकचे प्रकाशशेठ आलेत, तीस वर्षं दोघं बरोबर होते, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो. मंदावहिनी बायकांमध्ये पदर ओढून बसल्या होत्या. मी म्हणालो की निवृत्ती कुशल कारागीर होता, प्रामाणिक होता, मितभाषी होता, आणि आमच्या गॅरेजची भरून न येणारी हानी झाली. खाली बसलो तेव्हा शेजारच्या माणसानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दोनदा थोपटलं. तो हात बाजूला करावा असं फार वाटलं, पण केला नाही.

तू मितभाषी कधीच नव्हतास. तुझी टकळी सकाळी तुझ्या सायखेड्याच्या बसमधून उतरल्यापासून जी सुरू व्हायची ती संध्याकाळी त्याच बसमध्ये चढेपर्यंत. बसमध्ये कुणाचं भांडण झालं, टोमॅटोला कुणी काय केलं, अमक्याच्या बैलानं तमक्याला कसं पळवलं. मितभाषी तू शेवटच्या दीड वर्षात झालास. तसा तुला मी केलं. घाटावर सांगायचं होतं ते हे, आणि मी भरून न येणारी हानी वगैरे बोलून खाली बसलो. म्हणून आता लिहितो.

नाशिकच्या द्वारका चौकात उस्तादांच्या गॅरेजात आपण एकाच महिन्यात लागलो. मी बारावी नापास, वडिलांनी वैतागून आणून सोडलेला. तू गावाकडून स्वतःहून आलेला, घरातल्या सगळ्या बॅटऱ्या आणि टेपरेकॉर्डर खोलून झाल्यावर. उस्तादांनी मला इंजिनाकडे लावलं आणि तुला वायरिंगकडे. ते म्हणायचे, ह्याचे हात तेलाचे आहेत आणि त्याचे कान चांगले आहेत. पुढे मी द्वारकेच्या मागच्या गल्लीत स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा तू कुणाला न विचारता तुझी पेटी घेऊन माझ्याकडे आलास. पहिल्या दिवशी शटर वर करताना म्हणालास, "आता तुला शेठ म्हणावं लागंल का रे पक्या?" आणि मग तीस वर्षं शेठ हा शब्द तू फक्त माझी खोड काढायला वापरलास. चहा सांगायचा असला की शेठ. माझं काही चुकलं की शेठ.

तुझे कान खरंच चांगले होते. गाडी आली की आधी तू आत बसायचास, काचा वर करायचास, चावी अर्धी फिरवायचास आणि डोळे मिटून गप्प. गिऱ्हाइकाला वाटायचं हा झोपला. आतमध्ये एकेक रिले खट्, खट् करत जागा व्हायचा, आणि कुठला उशिरा उठला किंवा उठलाच नाही ते तू ऐकायचास. मग उतरून चटई उचलायचास आणि कार्पेटखाली तळहात घालायचास, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा. ओल आहे का बघायला. तुझं म्हणणं, वायरिंगचे निम्मे रोग पाण्याचे. पुढे स्कॅनर आले, ते तू पंचेचाळिशीत शिकलास. बिघाडांचे कोड तुला आपल्या भाऊबंदांच्या नावांसारखे पाठ असायचे. पण त्या यंत्राला तू कधी शेवटचा शब्द दिला नाहीस. म्हणायचास, स्कॅनर घर दाखवतो, भांडण कुठल्या खोलीत लागलंय ते आपण जाऊन ऐकायचं.

नव्या गाड्यांमध्ये तो डबा आला, बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, वायपर, हॉर्न, दरवाज्यांची कुलुपं, चावीची ओळख, सगळं त्या एका डब्याच्या हुकमानं. तू त्याला तलाठी म्हणायचास. तलाठी जागेवर असला तर गावाची कामं होतात, तलाठी आजारी पडला की कुणाचाच उतारा निघत नाही. आमच्या गॅरेजमध्ये आजही कुणी मॉड्यूल म्हणत नाही. परवा एकजण म्हणाला, शेठ, तलाठी गेलाय, आणि मी ऑफिसात जाऊन बसलो.

आपलं एक भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, गिऱ्हाइकाला गाडी आज पाहिजे, खराब झालेला पार्ट बदल आणि दे. तू म्हणायचास, पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नाय, तो कशानं गेला ते सापडलं म्हणजे दुरुस्ती. मी म्हणायचो, तुझ्या दुरुस्तीत माझी जागा अडते. तू म्हणायचास, मग गॅरेज कशाला टाकलं, दुकान टाकायचं. तीस वर्षं. कधी हसत, कधी जेवणाचा डबा तसाच ठेवून. त्या भांडणात तूच बरोबर होतास हे सांगायला हे पत्र नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. मला त्याहून वाईट सांगायचंय.

ती गुरुजींची पांढरी गाडी. त्र्यंबकचे आपले गुरुजी, यजमानांना घेऊन सतत नाशिक-त्र्यंबक करणारे. त्या वर्षी थंडीच्या आधी त्यांना धुक्याचे दिवे बसवून हवे होते. तू छाटणीसाठी आठवडाभर गावी होतास, द्राक्षाचा तुझा तो अर्धा एकराचा तुकडा. मी म्हटलं, दिवे काय, मीच बसवतो. इंजिनाकडून आत वायर न्यायची तर पत्र्यात एक रबरी बूच असतं. ते मी टोचलं, वायर सरळ आत ओढली, टेप गुंडाळली, झालं. तुझ्या कामात वायर कधीच सरळ आत जायची नाही. बुचाच्या आधी तिला खाली एक झोळ द्यायचास आणि मग वर चढवून आत घ्यायचास. पाणी वायरीवरून चालत येतं, झोळ असला की तिथंच थेंब गळून पडतो. हे तू मला किमान शंभरदा दाखवलं होतंस. मी इंजिनवाला. मला तो तुझा चोखंदळपणा वाटायचा.

पुढच्या श्रावणात गुरुजी गाडी घेऊन आले. कोरड्या काचेवर वायपर फिरत होते, हॉर्न मध्येच आपोआप वाजायचा, कुलुपं स्वतःच लागायची आणि उघडायची. गुरुजी हसत होते अजून. एक यजमान म्हणाले म्हणे, गुरुजी, आमची राहू द्या, आधी तुमच्या गाडीची शांती करून घ्या. तू आत बसलास, काचा वर केल्यास. मग चटई उचलून हात घातलास आणि तळहात माझ्यासमोर धरलास. ओला होता.

"पक्या, तलाठी गेलाच. पण ओल हाय. मला एक दिवस दे, पाणी कुठून येतंय ते बघतो."

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार होता. गुरुजींना गाडी त्याच संध्याकाळी हवी होती. मी म्हणालो, एसीचं पाणी असेल, कार्पेट वाळव आणि नवीन डबा बसव. तू म्हणालास, एसीचं पाणी ह्या बाजूला नाय येत. मी म्हणालो, निवृत्ती, आज नको. आणि तू ऐकलंस. मालक मी होतो म्हणून ऐकलंस.

तू ते काम कसं केलंस हे मी पाहिलं नव्हतं, मी बाहेर होतो. पण तू कसं करतोस हे मला ठाऊक होतं. बॅटरीचं टर्मिनल काढायचं, बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवायचं, चहा पिऊन यायचं म्हणजे गाडीतला उरलासुरला करंट मरतो, मग सॉकेट काढायचे. टर्मिनल न काढता चालू करंटवर सॉकेट ओढला तर नवा डबा बसवतानाच जळू शकतो, नाहीतर आतून दुखावतो आणि थोड्या दिवसांनी जातो, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मग नवा डबा, मग स्कॅनरवरून त्याला गाडीची ओळख, मग दोन्ही चाव्या एकेक करून शिकवायच्या. तुझी बस होती म्हणून काम संपवून तू निघून गेलास. गाडी द्यायला मी बसलो. चावी फिरवली, सगळे दिवे शहाण्यासारखे लागले. फक्त डॅशबोर्डवरचं घड्याळ बारावर उघडझाप करत होतं. मी ते लावलं. सव्वासहा झाले होते.

बॅटरी सोडवली की त्या गाडीचं घड्याळ बारावर जातं. नाही सोडवली तर जात नाही.

तीन आठवड्यांनी गाडी टोचन करून आली. त्र्यंबक रस्त्यावर भर पावसात बंद पडली होती, गुरुजींना पुण्याचे यजमान सोवळ्यासकट भाड्याच्या जीपमध्ये बसवावे लागले होते. ह्या वेळी गुरुजी हसत नव्हते. नवा डबा गेला होता. सगळं गॅरेज हातातलं काम सोडून ऐकत होतं आणि गुरुजी मला विचारत होते, नवीन टाकलं होतं ना तुम्ही, की नव्याच्या नावाखाली जुनं? त्यांचा संशय माझ्यावर होता. मला तो सहन झाला नाही. मी वळलो आणि तुला सगळ्यांसमोर विचारलं, "निवृत्ती, टर्मिनल काढलं होतंस का रे?"

"काढलं व्हतं."

"काढलं असतं तर नवा डबा जळाला असता का?"

तू माझ्याकडे बघितलंस. राग नव्हता तुझ्या चेहऱ्यावर. मी काय बोलतोय ते तुला नीट ऐकू आलं नसावं असं तू बघत होतास. आणि नेमकं तेव्हा मला घड्याळ आठवलं. नंतर आठवलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं, पण ते खरं नाही. तू बघत होतास तेव्हाच आठवलं. सव्वासहा. ते शब्द तोंडात आले होते. आणि मी गुरुजींकडे वळून म्हणालो, "वय झालं की होतं असं, गुरुजी. ह्या वेळी मी स्वतः बसवून देतो."

तुला त्रेपन्नावं लागलं होतं. मला एक्कावन्न.

तू फडक्याला हात पुसलेस, माठाकडे गेलास, पाणी प्यायलास. परत आलास तेव्हा म्हणालास, "शेठ, तो टेम्पोचा सेल्फ घेऊ का खोलायला?" त्यात खोड नव्हती. त्या दिवसापासून मी तुझा शेठ झालो.

आणखी पुढचं ऐक. नवा डबा मागवला आणि मी गुरुजींच्या गाडीत शिरलो. तुझ्यासारखं करायचं म्हणून पूर्ण कार्पेट काढलं. माझीच वायर होती. माझी काळी टेप, मी टोचलेलं बूच, आणि वायरीच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंब, बरोबर डब्याच्या सॉकेटवर. सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. पाच मिनिटांत सगळं कळलं. तू मागितलेला तो एक दिवस दिला असता तर तुला दोन मिनिटांत कळलं असतं. तू माझ्यापासून वीस फुटांवर टेम्पोखाली होतास, तुझे पाय मला दिसत होते. हाक मारायची होती नुसती. मी बूच बदललं, पिना साफ केल्या, वायर परत ओढून तिला झोळ दिला, तुझा झोळ, आणि कार्पेट वरून टाकून दिलं. कुणाला काही सांगितलं नाही.

गाडी सुधारली ती कायमची. आणि ती सुधारली हाच तुझ्याविरुद्ध पुरावा झाला. निवृत्तीनं बसवलेलं जळालं, शेठनी बसवलेलं टिकलं. गुरुजी येईल त्याला सांगायचे की शेठनी स्वतः हात लावला तेव्हा जमलं. एकदा माझ्यासमोर म्हणाले, तेव्हा मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, तुमचा आशीर्वाद.

नव्या गाड्या तुझ्याकडे द्यायच्या नाहीत असं मी कधी बोललो नाही. तसं आपोआप झालं म्हणायची सोय मी ठेवली होती. तुझ्याकडे टेम्पो, जुने सेल्फ, डायनॅमो यायला लागले. जेवणाचा डबा तू एकटा खायला लागलास. दिवाळीनंतर एका सोमवारी आला नाहीस, मंगळवारीही नाही. बुधवारी फोनवर म्हणालास, बसचा प्रवास सोसत नाही, गावातच ट्रॅक्टरचं, पाण्याच्या मोटारींचं बघतो. मी म्हणालो, बरं, तब्येत सांभाळ. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं होतं. हेही लिहून ठेवतो.

उन्हाळ्यात तुझ्या घरी आलो होतो, तुला आठवत असेल. सांगायला आलो होतो, शपथेवर सांगतो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. तू पडवीत पाणमोटारीचं वाइंडिंग करत बसला होतास, दोन्ही गुडघ्यांत मोटार धरून. वहिनींनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढली. गावच्या गोष्टी झाल्या, त्याही मीच विचारल्या म्हणून. मग वहिनी आत गेल्यावर तू तारेवरची नजर न काढता म्हणालास, "पक्या, एक विचारू?"

कितीतरी महिन्यांनी पक्या म्हणालास.

"त्या दिवशी गाडी देताना घड्याळ बारावर व्हतं का? कुणी लावलं असंल ना ते. मी लय इचार केला. मला वाटतंय मी टर्मिनल काढलं व्हतं, फडक्यात ठेवलं व्हतं. पण ते दुसऱ्या गाडीचं बी असंल. रोजचंच काम, दिवस नाय आठवत. घड्याळ बारावर आसंल तर मग काढलं व्हतं."

इतके महिने तू त्या एका दिवसाचा शोध घेत होतास. आणि तुझ्या पद्धतीनंच घेतला होतास, एकेक वायर सोडवत शेवटच्या गाठीपर्यंत येऊन पोचला होतास. ती गाठ माझ्या हातात होती. माझ्या मांडीवर ताट होतं. मी म्हणालो, "आठवत नाही रे."

तू मान हलवलीस. म्हणालास, "मग नसंल काढलं." आणि माझीच समजूत काढल्यासारखं म्हणालास, "होतं असं. तू बरोबर बोलला व्हता त्या दिवशी."

त्यानंतर मी अर्धा तास बसलो. भाकरी संपवली. तुझ्या द्राक्षांचा भाव विचारला. निघताना तू फाटकापर्यंत आलास आणि माझ्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणालास, डावा मंद लागतोय, अर्थिंगची वायर बघून घे. तेवढं करून आत वळलास. मी तुला लबाडीनं हरवलं होतं आणि तू माझा दिवा बघत होतास.

मी तुझं काम काढून घेतलं, तुझं नाव घालवलं, हे वाईटच. पण तुझ्या हातावरचा तुझा विश्वास मी काढून घेतला, ह्याला माझ्याकडे शब्द नाही. एखाद्या वैऱ्यालाही ते जमलं नसतं. वैऱ्याचं तू ऐकलं नसतंस.

मग पुढच्या महिन्यात सांगू, पाऊस संपल्यावर सांगू, असं करता करता तुझ्या पुतण्याचा फोन आला, आणि सांगायचं राहून गेलं. राहून गेलं हे बरोबर नाही. मी सांगितलं नाही.

दहाव्यानंतर मला गॅरेजमध्ये बसवेना. आधी तिथल्या सगळ्यांना गोळा करून सांगितलं. एकानं हातातला पान्हा खाली ठेवला. मग त्र्यंबकला जाऊन गुरुजींना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "मी चार ठिकाणी त्यांच्याबद्दल वाईट बोललो, तुमच्या शब्दावर. सायखेड्यातही बोललो, तिथं माझे यजमान आहेत." मी विचारलं, आता काय करू. ते म्हणाले, "मी रोज लोकांना विधी सांगतो, प्रकाशराव. ह्याला मला विधी माहीत नाही. घरच्यांकडे जा."

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी मी तुझ्या घरी गेलो. पाहुणे गेले होते. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, वायरीपासून घड्याळापर्यंत. वायरीचं त्यांना किती कळलं कुणास ठाऊक, पण घड्याळाचं पूर्ण कळलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुमी चटणी-भाकर खाल्ली तो दिवस?"

"हो."

"तवा इचारलं त्यांनी. आन् तुमाला ठावं व्हतं."

"हो, वहिनी."

त्यांनी समोरच्या भिंतीकडे तोंड केलं. मग बोलल्या त्या माझ्याशी बोलत होत्या की नाही, मला सांगता येणार नाही. म्हणाल्या की त्यानंतर तू बाहेर पडलास की परत यायचास. मंदे, मी कडी घातली का. मोटारीचं बटण बंद केलं का. गॅस बघ. पेटी लावून झाली की पुन्हा उघडून हत्यारं मोजायचास. एकदा बस स्टँडवरून परत आलास, नळ बंद आहे का बघायला.

"मला वाटलं, म्हातारपण आलं. मी हसायची वो त्यास्नी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून हसायची."

त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं होतं मी माझं ओझं उतरवायला आलोय. मी ते अर्धं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. आता हे नसतं सांगितलं तर बरं झालं असतं का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि लगेच कळलं की हा तोच जुना विचार आहे, तोच माणूस मला पुन्हा गप्प बस म्हणून सांगतोय.

मी म्हणालो, वहिनी, तुमची काही चूक नाही. त्यांनी ते ऐकलंच नाही. पदरानं डोळे पुसले, उठल्या, आणि एकदम सरळ आवाजात म्हणाल्या, "इथं बसून काय करताय, भाऊजी? मला त्यातलं काय कळतंय. चौकात ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान हाय. तिथं बसणाऱ्यांनीच ह्यांच्याकडं ट्रॅक्टर आणायचं बंद केलं व्हतं. म्हणायचे, निवरतीनं गुरुजींची गाडी जाळली, आपला ट्रॅक्टर कशाला द्या. हे रोज त्यांच्या समोरून मान खाली घालून जायचे. आधी त्यास्नी जाऊन सांगा. च्या-पाण्याचं मग बघू."

तुझ्या घरापासून चौक किती लांब आहे तुला माहीत आहे, दोन-अडीचशे पावलं. मी गाडी तिथंच ठेवून चालत गेलो. तू ज्या रस्त्यानं मान खाली घालून जायचास तो रस्ता. दुपारची वेळ, दुकानाच्या सावलीत पाच-सहा माणसं बसली होती. त्यांतल्या दोघांनी मला दहाव्याला बोलताना ऐकलं असावं, ते उठून उभे राहिले. या शेठ, म्हणाले. एकानं खुर्ची पुसून पुढे केली.

मी बसलो नाही. म्हणालो, "मी निवृत्तीचा शेठ. गुरुजींची गाडी त्यानं नाही जाळली, मी जाळली. कशी ते सांगतो."

दुकानदारानं आतला रेडिओ बंद केला.